विश्लेषण : प्लॅन १०० एमबीपीएसचा, तरी रात्री नऊला व्हिडीओ कॉल का अडखळतो?

स्पीड टेस्ट लावली तर काटा ९६ वर जातो. त्याच मिनिटाला व्हिडीओ कॉलवरचा चेहरा मात्र गोठतो, आवाज रोबोसारखा होतो आणि समोरचा विचारतो, ‘ऐकू येतंय का?’ शहरातल्या फायबर जोडणीबद्दलची ही नेहमीची तक्रार आहे आणि कस्टमर केअरचे उत्तरही ठरलेले आहे : ‘सर, स्पीड तर बरोबर दिसतोय.’ गंमत म्हणजे दोघेही खरेच बोलत असतात. कॉलला फारसा वेग लागतच नाही. त्याला लागते वेळेची शिस्त. घरातले वायफाय ठीक असेल, तर ही शिस्त पाळली जाणार की नाही हे ठरते शहरभर पसरलेल्या इथरनेटच्या जाळ्यात. बँका आणि कंपन्या ही शिस्त करारात लिहून विकत घेतात. घरच्या ग्राहकाला तिचे नावही सांगितले जात नाही.

कॉलला नेमके काय लागते?

साध्या आवाजाचे गणित पाहू. टेलिफोनीतल्या जुन्या, प्रमाण पद्धतीत आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट. प्रत्येकावर पत्त्याची वेष्टणे चढवली की हिशेब ९० किलोबिटच्या आसपास जातो. १०० एमबीपीएसच्या जोडणीत असे हजारावर कॉल बसायला हवेत. व्हिडीओ धरला तरी मामला एक-दोन, फार तर चार एमबीपीएसचा.

पण ही ५० पॅकेट ठरावीक अंतराने पोचली पाहिजेत. एक २० मिलिसेकंदांनी आले, पुढचे ९० ने आणि मग तीन एकदम, तर कानाला तुटक ऐकू येते. पोचायला लागणाऱ्या वेळेला लेटन्सी म्हणतात आणि त्या वेळेतल्या चढउताराला जिटर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूची लेटन्सी १५० मिलिसेकंदांच्या आत राहिली, तर बहुतेक संभाषणे सुरळीत होतात. त्यापुढे दोघे एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात. ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’ सुरू होते.

अंतराला यात दोष देता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते पुणे फायबर कितीही वळसे घेत गेली, तरी एक-दीड मिलिसेकंद. शहरातल्या शहरात तर तेही नाही. बाकीचा सगळा वेळ जातो रांगेत. १०० एमबीपीएसच्या एखाद्या पोर्टपाशी तुमच्या पॅकेटच्या पुढे फक्त एक मेगाबाइट माल उभा असेल, तर तो निघून जायलाच ८० मिलिसेकंद लागतात. एक मेगाबाइट म्हणजे मोबाइलवर काढलेला एखादा फोटो, तोही कमी दर्जाचा.

ही रांग लागते कुठे?

अलीकडच्या बहुतेक घरगुती जोडण्यांत इमारतीतून निघालेली फायबर भागातल्या एका यंत्राला मिळते. त्याला ओएलटी म्हणतात. जीपॉन पद्धतीत त्याच्या एका पोर्टवर खालच्या दिशेने सुमारे अडीच गिगाबिटची क्षमता असते आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ओएलटीच्या पुढे मात्र सगळा कारभार इथरनेटचा. भागाभागातले स्विच फायबरने एकमेकांना जोडून कडे केलेले असते, त्याला रिंग म्हणतात. एका बाजूने रस्ता खोदताना केबल तुटली, तर वाहतूक दुसऱ्या बाजूने फिरते. आपल्या शहरांत खोदकामाचा हंगाम बारमाही असल्याने रिंगशिवाय गत्यंतर नाही. रिंगमधून माहिती कंपनीच्या डेटा सेंटरला आणि तिथून एक्स्चेंजमार्गे बाहेर जाते. या शहरी जाळ्याला मेट्रो इथरनेट म्हणतात.

मुळात इथरनेट यासाठी बनलेच नव्हते. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ते एका इमारतीतले संगणक जोडण्यासाठी तयार केले. सगळ्यांनी एका तारेवर बोलायचे, टक्कर झाली तर थोडे थांबून पुन्हा बोलायचे. जमले तर पोचेल, नाही तर नाही, हा त्याचा स्वभाव. ते स्वस्त होते, सोपे होते, म्हणून इमारतीबाहेर पडून शहरभर पसरले आणि टेलिफोन कंपन्यांची महागडी यंत्रणा त्याने हळूहळू बाजूला सारली. टेलिफोनच्या जुन्या जाळ्यात प्रत्येक कॉलला स्वतःची राखीव जागा असे. इथरनेटमध्ये राखीव काहीच नाही. जी शिस्त जुन्या जाळ्यात जन्मजात होती, ती इथे वरून लावावी लागते. या वरून लावलेल्या शिस्तीलाच क्वालिटी ऑफ सर्व्हिस, अर्थात क्यूओएस म्हणतात.

आता साधा हिशेब. समजा, १६ पोर्टच्या ओएलटीवर प्रत्येक पोर्टमागे ६४ घरे आहेत. झाली १,०२४ घरे. प्रत्येकाला १०० एमबीपीएसचा प्लॅन विकला, म्हणजे विकलेला एकूण वेग १०२ गिगाबिटच्या वर. रिंगकडे जाणारा दुवा १० गिगाबिटचा असेल, तर दहापट जास्त विक्री झाली. ही फसवणूक वाटेल, पण ती तशी नाही. सगळे नळ एकाच वेळी पूर्ण सोडले जात नाहीत, या भरवशावर महापालिकेचा पाणीपुरवठाही चालतो. या सगळ्या घरांत एचडी चित्रपट लागले आणि प्रत्येकाला पाच एमबीपीएस लागले, तरी दुवा निम्माच भरतो. ‘ट्राय’ने २००९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही घरगुती ग्राहकांसाठी १:५० आणि व्यावसायिक ग्राहकांसाठी १:३० असे वाटपाचे प्रमाण धरले होते.

प्रश्न त्या रात्रीचा असतो, जेव्हा एक तृतीयांश घरांत क्रिकेटचा सामना २५ एमबीपीएसच्या फोर-के चित्रात चालू असतो. नुसता तोच साडेआठ गिगाबिट झाला. वर कुणाच्या गेमचे अपडेट, कुणाच्या फोनचा बॅकअप. तेव्हा रांग लागते आणि कुणाला पुढे सोडायचे, याचा निर्णय स्विचला घ्यावा लागतो.

कुणाला पुढे सोडायचे, हे स्विचला कसे कळते?

इथरनेटच्या पाकिटावर व्हीलॅनची चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीत तीन बिट प्राधान्यासाठी ठेवलेले आहेत, म्हणजे शून्य ते सात असे आठ दर्जे. (यात एक विनोद आहे : एक हा दर्जा शून्याच्या खालचा मानला जातो. नवख्या नेटवर्क इंजिनीअरची पहिली फजिती बहुधा इथेच होते.) आयपीच्या वेष्टणावर अशीच सहा बिटांची वेगळी खूण असते. स्विच या खुणा वाचून पॅकेट वेगवेगळ्या रांगांत टाकतो. आवाजाची रांग आधी रिकामी करायची, मग व्हिडीओ, मग बाकीचे.

हे रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखे आहे. भोंगा एकाच गाडीला असेल तोवर त्याचा उपयोग. प्रत्येकाने गाडीला भोंगा बसवला, तर रस्ता पुन्हा होता तसाच. म्हणून दोन पथ्ये पाळली जातात. पहिले, ग्राहकाच्या बाजूने आलेल्या खुणेवर कंपनी विश्वास ठेवत नाही. सीमेवरच ती पुसून स्वतःची लावते. घरच्या राउटरमध्ये ‘गेमिंग मोड’ चालू केल्याने घरातली रांग सुधारते, पण शहराच्या रिंगमध्ये तुमचे पॅकेट सर्वसामान्यच राहते. दुसरे, अव्वल दर्जाच्या रांगेलाही कमाल मर्यादा घालावी लागते. ती नसेल तर खालच्या रांगा अक्षरशः उपाशी राहतात.

एक अनुभव अनेकांनी घेतला असेल. फायबरसोबत मिळालेला कंपनीचा लँडलाइन फोन स्वच्छ ऐकू येतो आणि त्याच तारेवरचा व्हॉट्सॲप कॉल अडखळतो. त्यात जादू नाही. कंपनीचा फोन सहसा वेगळ्या व्हीलॅनवर, वरच्या रांगेतून धावतो. व्हॉट्सॲपचा कॉल सामान्य इंटरनेटच्या रांगेत, शेजारच्यांच्या वेबसिरीजच्या मागे उभा असतो. शिस्त लावता येते, फक्त ती कुणाला लावायची हे ठरवावे लागते.

कंपन्या जे विकत घेतात, ते काय असते?

इथे खरा फरक आहे, म्हणून जरा थांबू. २००१ मध्ये स्थापन झालेल्या मेट्रो इथरनेट फोरम या उद्योगसंघटनेने शहरी इथरनेट सेवा कशी मोजायची आणि करारात कशी लिहायची, याची परिभाषा घालून दिली. तिचा गाभा एका टाकीच्या कल्पनेत आहे.

सोसायटीची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून ठरावीक धारेने पाणी येते. टाकीत साठा असेल तोवर तुम्ही एकदम चार बादल्या काढू शकता. साठा संपला की धारेपुरतेच मिळते. टाकी भरून वाहिली तर वरचे पाणी वाया जाते, म्हणजे कालची शिल्लक आज मागता येत नाही. स्विचमधली टाकी पाण्याची नसून परवानगीची असते. धार म्हणजे हमीचा वेग आणि टाकीचे आकारमान म्हणजे एकदम किती माल पाठवता येईल, त्याची मुभा. हमीच्या टाकीतून परवानगी मिळालेले पॅकेट हिरवे. ती टाकी संपली, पण ‘जादा’ची दुसरी टाकी शिल्लक आहे, तर पॅकेट पिवळे : जागा असेल तर नेऊ. दोन्ही रिकाम्या असतील तर लाल, तिथेच टाकून द्यायचे. जाळ्यात पुढे कुठेही गर्दी झाली की आधी पिवळी पॅकेट गळतात. हिरव्यांना धक्का लागू द्यायचा नाही, हे कंपनीचे वचन असते.

बँकेची शाखा ५० एमबीपीएसचा दुवा घेते तेव्हा करारात हिरवे किती, पिवळे किती, लेटन्सी किती, जिटर किती, गळती किती, हे सगळे आकड्यांत असते. त्याची तपासणी करण्याच्या प्रमाण पद्धती आहेत, आकडे चुकले तर बिलातून वजावट असते.

एवढे करूनही भांडणे होतात आणि त्यांतले एक इतके ठरलेले आहे की ते सांगायलाच हवे. ग्राहकाने ५० एमबीपीएस घेतले, पण तार जोडली आहे एक गिगाबिटच्या पोर्टला. ग्राहकाचा राउटर माल पाठवतो तो पोर्टच्या वेगाने, म्हणजे एक गिगाबिटने, झटक्याझटक्यात. समजा, कंपनीकडची टाकी ६४ किलोबाइटची आहे. ती या वेगापुढे जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकते, त्यात चाळीसेक पॅकेट जातात. पुढची लाल. पॅकेट गळले की पाठवणारा संगणक ‘गर्दी आहे’ असे समजून वेग कमी करतो, मग हळूहळू वाढवतो, पुन्हा झटका, पुन्हा गळती. परिणामी ५० च्या जागी २०-२५ च मिळतात. ग्राहक म्हणतो, तुम्ही कमी देता. कंपनी म्हणते, आमचा दुवा निम्मा रिकामा आहे. दोघांचेही आलेख खरे. उपाय सोपा असतो. ग्राहकाच्या राउटरने स्वतःच ५० च्या धारेने, अंतर राखून माल सोडायचा. टाकून देणे आणि थोपवून धरणे यांतला हा फरक उमगेपर्यंत ईमेलची पाने भरतात.

आलेखात गर्दी का दिसत नाही?

कारण आलेख सरासरीचा असतो. जाळ्याचा वापर सहसा पाच मिनिटांच्या सरासरीने नोंदवला जातो. पाच मिनिटांत तीन लाख मिलिसेकंद असतात. १० गिगाबिटच्या दुव्यावरून एक गिगाबिटच्या पोर्टकडे मालाचा लोंढा आला आणि स्विचमध्ये साठवायला एक मेगाबाइट जागा असेल, तर ती एका मिलिसेकंदाच्या आत भरते. पुढची पॅकेट गेली. आलेखावर मात्र सरळ ४० टक्क्यांची शांत रेघ. तुमच्या कॉलमधला शब्द त्या एका मिलिसेकंदात गेलेला असतो.

करारातल्या टक्केवारीलाही हेच लागू. ९९.९ टक्के उपलब्धता ऐकायला निर्दोष वाटते, पण ३० दिवसांच्या महिन्यात तिला ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा आहे. ती ४३ मिनिटे पहाटे तीनची आहेत की मुलाखतीच्या वेळची, हे टक्केवारी सांगत नाही. म्हणून व्यावसायिक इथरनेट सेवेत विलंब ‘इतके टक्के पॅकेट इतक्या वेळेच्या आत’ या रीतीने मोजण्याची पद्धत आहे. नुसत्या सरासरीवर भागवत नाहीत.

नियामक काय म्हणतो?

नियम नाहीत असे नाही. ‘ट्राय’च्या २००६ च्या ब्रॉडबँड नियमांत कंपनीच्या अंतर्गत दुव्यांचा वापर गर्दीच्या तासात ८० टक्क्यांखाली असावा, ९० टक्क्यांवर गेला तर जाळे तुंबले असे समजावे, अशी तरतूद होती. पॅकेटगळती एक टक्क्याच्या आत ठेवायची होती. २ ऑगस्ट २०२४ रोजी आलेल्या आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीने मोबाइल आणि तारेच्या सेवांचे निकष एकत्र केले. लेटन्सी आणि पॅकेटगळती त्यातही आहेत, दंडही वाढला आहे.

अडचण मोजमापाच्या व्याप्तीत आहे. दूरसंचाराच्या नकाशावर मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परवाना क्षेत्र होते. गडचिरोलीपासून पणजीपर्यंतच्या जोडण्या एका आकड्यात बसवल्या, तर हडपसरमधली एक तुंबलेली रिंग त्यात दिसणार कशी? निकष कागदावर पाळला जातो आणि एका भागातली हजारभर घरे रोज रात्री नऊ ते अकरा ‘ऐकू येतंय का’ करत बसतात.

दुसरा मुद्दा नेट न्यूट्रॅलिटीचा. कॉलला सरसकट प्राधान्य द्या, असे म्हणणे सोपे आहे. पण कुठल्या ॲपचा कॉल? कंपनी स्वतःच्या किंवा पैसे देणाऱ्या ॲपला पुढे सोडू लागली, तर उद्या नवे ॲप उभेच राहणार नाही. २०१६ मध्ये ‘ट्राय’ने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली आणि २०१८ मध्ये केंद्राने नेट न्यूट्रॅलिटीची चौकट मान्य केली, ती याच भीतीपोटी. त्या चौकटीत विशेष सेवांना आणि जाळ्याच्या वाजवी व्यवस्थापनाला अपवाद आहे. बँकेचा खासगी दुवा हा सार्वजनिक इंटरनेटचा भाग नाही, त्यामुळे तिथले प्राधान्य या चौकटीच्या आड येत नाही. घरच्या इंटरनेटवर ॲपनिहाय प्राधान्य नकोच. त्याची गरजही नाही. कोणत्या ॲपचे पॅकेट आहे हे न पाहता प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने संधी देणाऱ्या आणि रांग लांबूच न देणाऱ्या पद्धती आता प्रमाणित आहेत. त्यांतल्या एफक्यू-कोडेल या पद्धतीचे दस्तऐवज २०१८ पासून सर्वांसाठी खुले आहेत. त्यात मोठ्या डाउनलोडमागे छोटा कॉल अडकत नाही आणि कुणाला झुकते मापही मिळत नाही.

पण त्याआधीची मागणी साधी आहे. जाहिरातीतला ‘अप टू १०० एमबीपीएस’ हा मेट्रो इथरनेटच्या भाषेत जवळपास पूर्ण पिवळा प्लॅन आहे : जागा असेल तर नेऊ. त्यात हिरवे किती, हे ग्राहकाला कळले पाहिजे. तो आकडा पाच एमबीपीएस असला तरी चालेल. पाच हमीचे एमबीपीएस आणि गर्दीच्या तासातली लेटन्सी भागनिहाय जाहीर झाली, तर २०० आणि ३०० च्या प्लॅनमधली निरर्थक चढाओढ बरीच कमी होईल. कंपन्यांकडे ही माहिती नसते, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. ती प्रत्येक रिंगवर मोजली जाते, कारण त्याच रिंगवरच्या बँकेला ती दाखवावी लागते.

तोवर आपल्या हातात काय?

स्पीड टेस्टचा मोठा आकडा सोडून त्याच्या खालची बारीक ओळ वाचा. नेटफ्लिक्सच्या फास्ट डॉट कॉमवर ‘अधिक माहिती’ उघडली की भाराविना आणि भारासह अशी दोन प्रकारची लेटन्सी दिसते. ऊक्लाच्या ॲपमध्येही डाउनलोड आणि अपलोड चालू असतानाची लेटन्सी वेगळी दाखवतात. भाराविना १० आणि भारासह ४० मिलिसेकंद असेल तर काळजी नाही. १० चे ३०० होत असतील, तर कुठेतरी लांब रांग लागते आहे.

ती घरात लागते की बाहेर, हे आधी तपासावे. फोन बाजूला ठेवून लॅपटॉप राउटरला केबलने जोडा, घरातली बाकीची उपकरणे बंद करा आणि चाचणी घ्या. आकडा सुधारला, तर दोष वायफायचा किंवा घरातल्याच कुणाच्या बॅकअपचा. राउटरमध्ये रांग नियंत्रित करण्याची सोय असेल तर ती चालू करून अपलोडची मर्यादा प्लॅनच्या थोडी खाली ठेवल्याने बऱ्याच घरांचा प्रश्न मिटतो. केबलवरही दुपारी आकडा ठीक आणि रात्री नऊला बिघडलेला, असे सलग काही दिवस दिसले, तर गर्दी बाहेर आहे.

मग तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ असे लिहू नका, कारण त्याचे उत्तर स्पीड टेस्टने दिले जाते. ‘भारासह लेटन्सी रात्री ९ ते ११ या वेळेत इतकी’ असे लिहून आठवडाभराचे स्क्रीनशॉट जोडा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ‘ट्राय’ वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्राने समाधान केले नाही, तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि निर्णयाला ३९ दिवसांची मुदत आहे.